तीन फुटांवरचं सैन्य

सरांनी माझा एक शिपाई दोन बोटांत उचलला, डोळ्यांजवळ नेला, मान किंचित वाकडी केली आणि विचारलं, "याला डोळे कुठे आहेत?"

रविवारची सकाळ होती. दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं खेळत होतो. पेशंटची बाकडी भिंतीशी सरकवलेली, मध्ये दोन टेबलांवर प्लायवूडची मोठी फळी, फळीवर हिरवं कापड आणि कापडावर बोटाच्या दीड पेराएवढे शंभर-सव्वाशे शिपाई. जुन्या काळातल्या लढाया आम्ही अशा टेबलावर खेळतो. पट्टीने मोजून तुकडी पुढे न्यायची, फासे टाकायचे, कोण पडलं, कोण पळालं ते नियमांच्या वहीत बघायचं. खेळणारे तिघं म्हणजे ज्यांचा दवाखाना ते डॉक्टर, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम आणि बोटीवरची नोकरी सोडून घरी आलेला फिटर, म्हणजे मी. सैन्य रंगवायचं काम माझं. त्या दिवशी मॅडम आपल्या सासऱ्यांना सोबत घेऊन आल्या होत्या. त्यांचे सासरे म्हणजे शाळेतले माझे चित्रकलेचे सर. नातं मला ठाऊक होतं, पण सर त्या दारातून आत येतील असं कधी वाटलं नव्हतं.

"डोळे काढत नाहीत, सर," मी म्हणालो. "हे तीन फुटांवरून बघायचं असतं. तिथून डोळे दिसत नाहीत, कपाळाची सावली तेवढी दिसते."

"काढत नाहीत, की काढता येत नाहीत?"

मी पट्टी उचलून फळीच्या कडेला सरळ ठेवली. त्यांनी मान तशीच कलती ठेवून माझ्याकडे पाहिलं. "आवाज ओळखीचा वाटतो. मिरकरवाड्यावरच्या रंगाऱ्याचा ना तू?"

"होय."

"तरीच," असं म्हणून त्यांनी शिपाई ठेवून दिला, पण फळीवर नाही, फळीच्या कडेबाहेर. तो खाली फरशीवर पडला आणि त्याचा भाला मोडला. सरांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मॅडम पटकन वाकल्या, तुकडे गोळा केले, मला "सॉरी दादा" म्हणाल्या. मला त्यांच्या सॉरीशी काही देणंघेणं नव्हतं. माणूस ऐंशीला आला तरी तसाच आहे, एवढंच माझ्या मनात आलं. म्हाताऱ्या माणसाबद्दल असा विचार करताना जी लाज वाटायला हवी ती मला वाटली नाही.

वडील होड्या रंगवायचे. मिरकरवाड्याला सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कलंडून ठेवलेल्या होड्यांना खरवडून, भेगांत लांबी भरून, वर रंगाचा हात मारायचे. दोन हात रंग, नावाची अक्षरं, पुढच्या टोकाला नाळेवर एक फूल किंवा डोळा, की झाली होडी. भरती यायच्या आत काम उरकावं लागे, त्यामुळे त्यांचा हात भराभर चाले. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो आणि मला ते काम फार आवडायचं. शाळेत आठवीत चित्रकलेच्या सरकारी परीक्षेचे फॉर्म आले तेव्हा मीही भरला. सही सरांची लागायची. मी फॉर्म टेबलावर ठेवला, सरांनी नाव वाचलं, माझं वर्षभराचं काम मागवून चाळलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "होड्या रंगवायला परीक्षा लागत नाही." वर्ग हसला. फॉर्म त्यांनी परत दिला. सही केली नाही.

एवढंच घडलं होतं. मारलं नाही, वर्गाबाहेर काढलं नाही. मी घरी हे सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर ते वाक्य वडिलांच्या कानावर गेलं असतं. पुढे आयटीआय केलं, बोटीवर लागलो, जग पाहिलं, घर बांधलं. पण आजही कुणी माझ्यादेखत हसलं की ते कशाला हसतंय हे मी आधी बघून घेतो.

रंगवायला मी शिकलो तो बोटीवर. आमचा इलेक्ट्रिशियन पोलंडचा होता, अबोल, जाडा, केबिनमध्ये शिशाच्या शिपायांचे डबे बाळगणारा. बंदराबाहेर नांगर टाकून पडलेल्या बोटीवर दिवसचे दिवस काम नसतं. अशाच एका मुक्कामात त्याने मला खेळ शिकवला आणि त्याच्याबरोबर झटपट रंगवायची रीतही. तो म्हणायचा, आपल्याला एक शिपाई रंगवायचा नाही, सैन्य रंगवायचंय. शिपाई एकेक करून हातात घ्यायचेच नाहीत. दहा-दहा एका पट्टीवर चिकटवायचे. सगळ्यांना काळा स्प्रे मारायचा. मग सगळ्यांचे पायजमे, मग सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांचे हात आणि तोंडं. एका वेळी एकच रंग, मोठा ब्रश, मागे वळून दुरुस्ती नाही. लोखंडाला काळ्यावरच चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश घासायचा. शेवटी फर्निचरचं तपकिरी पॉलिश पातळ करून वरून फासायचं. ते चुण्यांत आणि खाचांत जाऊन बसतं आणि सावल्या आपोआप पडतात. आठवड्यात शंभर शिपाई उभे राहतात.

मला ते लगेच जमलं. पुढे हॅचच्या झाकणाखाली उजव्या हाताची दोन बोटं सापडली आणि मी कायमचा घरी आलो, तेव्हाही जमत राहिलं. ती बोटं वाकत नाहीत. ब्रश मी अंगठा आणि अनामिकेत धरतो. बारीक रेघ माझ्याच्याने ओढवत नाही. डोळे काढता येत नाहीत का, या सरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'होय, येत नाहीत' हेच होतं. म्हणून तो जास्त झोंबला.

डॉक्टर माझ्या आयुष्यात दाढ काढायच्या निमित्ताने आले. त्यांना लढायांच्या पुस्तकांचं वेड. मी मोबाईलवर माझ्या शिपायांचा फोटो दाखवला तर त्यांनी भूल द्यायची राहू दिली आणि फोटोच बघत बसले. पुढे त्यांनीच शिपाई ओतायला सुरुवात केली. दातांचे साचे घ्यायचा मसाला त्यांच्याकडे असतो आणि कवळीचं गुलाबी ॲक्रिलिकही. मेणाचे दात कोरायची सवय असल्यामुळे मूळ शिपाई ते मेणाचा कोरत. काळा स्प्रे बसेपर्यंत आमचं सगळं सैन्य हिरड्यांच्या रंगाचं असायचं.

सर दवाखान्यात येऊन गेले त्यानंतर पंधरा दिवसांत मॅडमनी नवीन प्रस्ताव आणला. गावातल्या एका जुन्या वाचनालयाचा वर्धापनदिन नवरात्राच्या आधी होता. फिरंगी गलबतं दाभोळच्या खाडीत शिरली त्या काळचा देखावा टेबलावर मांडायचा आणि लोकांसमोर लढाई खेळून दाखवायची. एकीकडे एकशे वीस फिरंगी, दुसरीकडे दाभोळच्या लष्करी ठाण्याचे एकशे वीस शिपाई. वाचनालयाचे अध्यक्ष सर होते. तेव्हा परवानगी त्यांची.

बैठकीला मी गेलो. सर खुर्चीत ताठ बसले होते, समोर समितीची चार माणसं. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. सर शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "या सभागृहात मी असेपर्यंत निकृष्ट काम लागणार नाही."

"बाबा, तुम्ही दोघं मिळून करा ना," मॅडम म्हणाल्या. "दादांची पद्धत एकदा बघा तरी."

"पद्धत? चुना लावायला पद्धत लागते होय?" समितीतलं कुणीतरी हसलं. कोण ते मी बघून ठेवलं. सर माझ्या दिशेने म्हणाले, "एक बाजू मी रंगवतो. ठाण्याची. फिरंगी तुझे. शेजारी शेजारी मांडू. लोकांना फरक तरी कळेल."

"एकशे वीस आहेत, बाबा."

"मला मोजता येतं."

मॅडमचा चेहरा उतरला. मला वाटलं, सासऱ्याच्या उद्धटपणाची लाज वाटली असेल. मी म्हणालो, "चालेल, सर. सहा आठवडे आहेत." बाहेर पडताना डॉक्टर माझ्या कानाशी पुटपुटले, "अहो, ते म्हातारे आहेत, जाऊ द्या." मी त्यांना सांगितलं की म्हातारे आहेत म्हणूनच घाई आहे. हे वाक्य मी बोललो होतो आणि ते तसंच इथे लिहितो.

त्या श्रावणात मी जेवढं रागाने काम केलं तेवढं बोटीवर इंजिन बंद पडलं असतानाही केलं नव्हतं. आमच्याकडे पावसात स्प्रे मारणं म्हणजे डोक्याला ताप. हवेत ओल इतकी की रंग तांदळाच्या पिठासारखा भुरभुरीत बसतो. मी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या कापून पट्ट्या केल्या होत्या. इस्त्री तापवून उभी ठेवायची, तिच्यासमोर पट्ट्या शेकायच्या आणि अंगची ऊब आहे तोवर मागच्या पडवीत नेऊन स्प्रे मारायचा. बायकोला हे अजिबात पसंत नव्हतं. ती शाळेत कारकून आहे, सकाळी तिला साडीला इस्त्री लागते. साडीला पॉलिशचा वास येतो म्हणून रोज कटकट.

एकदा ती पडवीच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अहो, हे तुम्ही कुणासाठी करताय?"

"वाचनालयासाठी."

"खोटं. एवढे दात-ओठ खाऊन कुणी वाचनालयासाठी काही करत नाही. सोडा तो विषय. बैठकीत काय बोलले ते सरांच्या लक्षातही नसेल."

"म्हणून तर," मी म्हणालो. ती आत निघून गेली.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. आवाज खालचा होता. "दादा, एकदा घरी याल का? बाबांना तुमची ती पट्टीची रीत दाखवा. त्यांना सवड आहे, पण... एकेक करून उरकायचं नाही ते."

"त्यांनी बोलवलंय?"

"नाही, मीच म्हणतेय."

"मग त्यांना बोलवू देत."

"बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, सर अडकलेत, एकशे वीस झेपत नाहीयेत. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी फिरंग्यांच्या सगळ्या छातीपत्र्यांवर चंदेरी ब्रश मारून टाकला, सलग, शीळ घालत.

प्रदर्शनाला आठवडा उरला असताना वाचनालयाच्या सभागृहात दोन्ही बाजूंचं सैन्य बघायचं ठरलं. दुपारचे चार. मी एकशे वीस फिरंगी दोन ट्रेमधून नेले. भाट्याच्या किनाऱ्यावरची रेती आणि जांभ्याच्या चिऱ्याची पूड पायाखाली चिकटवून तुकड्या बांधलेल्या. फळीवर मांडल्यावर समितीची माणसं पुढे आली. टोप चमकत होते, अंगरख्यांच्या चुण्यांत सावल्या होत्या. दोघा-तिघांनी "वा" म्हटलं.

मग सर आले. हातात मिठाईचा जुना खोका. मॅडमनी तो उघडला. आत कापसात गुंडाळलेले शिपाई होते. नऊ.

"नऊच?" समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"नऊ बघा आधी," सर म्हणाले. "मग उरलेल्यांचं बोलू."

लोक खोक्यावर वाकले. रंग खरोखर सुरेख होते. पागोट्यांना जुन्या गालिच्यातला असावा तसा विटका, काळपट लाल, अंगरख्यांना हळदीत मळलेला पांढरा. माझ्या फिरंग्यांचे रंग त्यांच्यापुढे बाजारातल्या बाटलीतून आल्यासारखे दिसायला लागले. पागोट्यांवर नक्षी, कमरबंदाला काठ, शेल्यावर बुट्टे. केसाएवढ्या रेघा, एकही थरथरलेली नाही. समितीतल्या गृहस्थांनी "अहाहा" केलं. सरांनी माझ्याकडे मान कलती करून विचारलं, "दिसले का डोळे?"

डॉक्टर येताना गळ्यात त्यांचा भिंगाचा चष्मा अडकवून आले होते, दात बघताना लावतात तो. मी तो मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि पहिला शिपाई उचलला.

डोळे होते. बुबुळासकट होते. पण एक नाकाच्या शेजारी आणि दुसरा कानाजवळ. मिशा फार नेटक्या होत्या, हनुवटीच्या खाली. दुसरा शिपाई घेतला, त्याच्या पागोट्याची नक्षी कपाळावर उतरलेली. तिसऱ्याच्या कमरबंदाचा काठ कमरबंद सोडून हातावर गेलेला. रेघ कुठेच चुकली नव्हती, फक्त तिची जागा चुकली होती. दर वेळी त्याच बाजूला, तेवढीच.

मला त्याच क्षणी कळलं. हा माणूस बघून रंगवत नव्हता, आठवून रंगवत होता. मान वाकडी करणं, शिपाई फळीच्या बाहेर सोडणं, मला आवाजावरून ओळखणं, सगळं एकदम जागेवर बसलं. मॅडम पलीकडून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अगदी हळू, दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नको.

चष्मा काढून मी "छान आहे, सर" म्हणू शकलो असतो. तेवढंच करायचं होतं.

"सर, डोळे आहेत," मी म्हणालो. "पण कानाजवळ आहेत. मिशा हनुवटीला आहेत. जरा बघा, तुम्हीच बघा." आणि चष्मा मी सरांना न देता समितीतल्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी लावला, बघितलं आणि नको असताना त्यांच्या तोंडून हसू फुटलं. दुसऱ्याने मागितला. तोही हसला.

"कुठला?" सर म्हणाले. त्यांनी खोक्यात हात घातला. बोटं शिपायांवरून फिरली, एक उचलला, अगदी डोळ्याला लावला, मान एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला केली. "कुठला म्हणतोस?"

त्यांच्या हातातला शिपाई उलटा होता.

मॅडम पुढे झाल्या, तो शिपाई त्यांच्या हातातून काढून घेतला, खोका बंद केला आणि "बाबा, चला" म्हणाल्या. दारापर्यंत सर सुनेच्या दंडाला धरून गेले. त्याआधी इतक्या वेळा पाहिलं होतं, पण ते दंड धरतात हे मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. रिक्षा खाली सोडून पाखाडीच्या पायऱ्या चढून आल्या होत्या, हातात मोठी पिशवी. बायकोने पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. बसल्याही नाहीत.

"दादा, तुम्हाला कळलं होतं ना?"

"चष्मा लावल्या लावल्या."

"मी मान हलवली ती दिसली?"

"दिसली."

बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला हा भाग मी सांगितला नव्हता.

"दोन वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या. "बाबांची मधली नजर गेलीय. कडेचं दिसतं, रंग दिसतात, समोरचं दिसत नाही. बाहेर कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घातलेली. एका शिपायाला चार-चार दिवस बसायचे. मी दवाखान्यात त्यांना का घेऊन आले माहितीय? तुम्ही म्हणता ना, मोठा ब्रश, एक रंग, बारकावे नाहीत. मला वाटलं, हे यांना जमेल. हातात परत ब्रश येईल. म्हणून फोन केला होता तुम्हाला."

"हे तेव्हा सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

खरं उत्तर मला माहीत नाही. मी म्हणालो, "मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा मला कुणी बाजूला घेऊन सांगितलं नव्हतं. भर वर्गात सांगितलं होतं." आणि मग होडीची, फॉर्मची, सगळी गोष्ट मी त्यांना सांगून टाकली. बायकोनेही ती पहिल्यांदाच ऐकली. बोलताना माझा आवाज चढत गेला आणि शेजारच्यांचा कुत्रा दगडी गडग्यापलीकडून भुंकायला लागला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "चुकलेच ते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तेरा वर्षांचे नाही आहात." त्यांनी पिशवी पडवीत ठेवली. "हे उरलेले एकशे अकरा. प्रदर्शन शनिवार-रविवार आहे. निमंत्रणं गेलीत. तुमचं तुम्ही बघा."

त्या उतरून गेल्यावर बायको म्हणाली, "फॉर्मचं मला इतक्या वर्षांत सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला." एवढंच. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सहा दिवसांत एकशे अकरा शिपाई मी रंगवले. गुलाबी सैन्य पट्ट्यांवर चढवलं, काळं केलं, पायजमे, अंगरखे, तोंडं, हात. त्या कामात मला कसलाही आनंद झाला नाही. पण पागोट्यांना रंग द्यायची वेळ आली तेव्हा बाटलीतला लाल माझ्याच्याने लावेना. सरांचा तो विटका लाल डोळ्यांसमोर होता. गेरू मिसळला, काळा मिसळला, थेंबभर निळा टाकला, कागदावर लावून बघितला. सात-आठ वेळा चुकल्यावर जमला. अंगरख्यांचा मळका पांढराही तसाच जुळवून घेतला. मी तो रंग सरळ सरळ चोरला आणि कुणाला सांगितलं नाही.

प्रदर्शनाला गर्दी झाली. आरे-वारेकडचे, हातखंब्याकडचे, कुठून कुठून लोक आले. मॅडम आल्या नाहीत, त्यामुळे ठाण्याची बाजू डॉक्टर खेळले आणि फासे टाकताना मलाच लोकांना सगळं समजावून सांगावं लागलं. बोलायची सवय नसल्याने घसा बसला. फिरंगी जिंकले. टाळ्या पडल्या. पेपरवाल्याने फोटो घेतला. सरांचे नऊ शिपाई फळीवर नव्हते, ते मॅडमनी परत दिलेच नव्हते.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी, लोक पांगत असताना, सर एकटेच रिक्षाने आले. मला वाटलं आता तमाशा होणार. ते फळीपासून तीन-चार फुटांवर येऊन थांबले, मान एका बाजूला वळवली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग हात पुढे करून बोट दाखवलं, बरोबर पागोट्यांच्या ओळीवर.

"हा लाल माझा आहे."

"होय, सर."

"चोरलास."

"होय."

"किती वेळा चुकला?"

"सात-आठ."

"मला तो जमायला वर्ष लागलं होतं," ते म्हणाले. हे कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी जे केलं ते करायला नको होतं, सर."

"माफी मागतोयस?"

"होय."

"मागू नकोस. तू मागणार, मी देणार, तू हलका होऊन घरी जाणार. मी आहे तिथेच. नको ते."

तेव्हा मलाही राग आला. तो काही संपला नव्हताच. "मीही तुम्हाला माफ केलेलं नाही," मी म्हणालो. "होड्या रंगवायला परीक्षा लागत नाही म्हणाला होतात. माझ्या बापाला हसलं होतं सगळ्या वर्गाने."

त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने कलती केली. आठवून बघत असावेत. "मी असं म्हणालो होतो?"

"होय."

"मला आठवत नाही," सर म्हणाले. "पण म्हणालो असेन. त्या काळी मी तसं बरंच काही म्हणत असे." आणि ते वळले. दारातली पायरी त्यांनी पायाने चाचपून बघितली. मी धरायला पुढे झालो तर "हात लावू नकोस" म्हणाले. मी थांबलो. ते उतरून रिक्षात बसले.

पुढे त्यांनी अध्यक्षपद सोडलं असं ऐकलं. परत आमची भेट नाही. मासळीबाजारात एकदा ते सुनेबरोबर दिसले होते. मी दुसऱ्या गल्लीने वळलो.

मॅडम तीन महिने खेळायला आल्या नाहीत. डॉक्टर आणि मी दोघंच खेळायचो, पण डॉक्टर फार लवकर हार मानतात, मजा येत नाही. मग एका रविवारी, कळवलं नसताना, मॅडम दारात उभ्या. पिशवी टेबलाखाली ठेवली आणि ठाण्याची बाजू घेतली. मी फिरंगी घेतले. दीड तास त्या फक्त आकडे बोलल्या. पट्टी किती, फासे किती, तुमचे किती पडले. त्यांनी माझी डावी बगल फोडली, मधली तुकडी रेतीत अडकवली आणि एकेक करून माझे सगळे फिरंगी समुद्रात ढकलले. हातचं न राखता, कुठेही दया न दाखवता. शेवटची तुकडी उचलून त्यांनी माझ्या ट्रेमध्ये ठेवली.

"सर कसे आहेत?" मी विचारलं.

"चिडलेले," त्या म्हणाल्या. "परत मांडा. अजून वेळ आहे."